मिस यू, एस्सेलवर्ल्ड!

मॉल नव्हते, मल्टिप्लेक्स नव्हतं, सेल्फी तर नव्हताच नव्हता. होती एक बोट, आणि खाडीपलीकडे अख्खा दिवस...

एक प्रयोग करून बघा. लंच अवरमध्ये, कॅन्टीनच्या टेबलावर डबे उघडलेले असताना, कुणाकडेही न बघता नुसती ती धून गुणगुणा. कुठली ते सांगायलाच हवं का? घरी परत जायला साफ नकार देणाऱ्या त्या पोरांची जाहिरात! अर्ध्या मिनिटात शेजारचा कोरसमध्ये सामील होईल. अकाउंट्सवाला, जो एरवी फॉर्म सोळाशिवाय कशावरही बोलत नाही, तोसुद्धा मान डोलावेल. आणि मग सुरू होईल, 'ए, तू एन्टरप्राइजमध्ये बसला होतास?' लंच अवर संपतो, पण विषय संपत नाही. टीममध्ये नव्याने आलेला एकवीस वर्षांचा मुलगा मात्र या सगळ्यांकडे 'हे लोक कशाबद्दल बोलतायत?' अशा चेहऱ्याने बघत राहील.

त्याचीही काही चूक नाही म्हणा. गोराईचं एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. १९८९ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे तेहतीस वर्षं मुंबईच्या पोराटोरांना उलटंपालटं करून झाल्यावर!

सुरुवात कशी झाली हीसुद्धा एक भन्नाट गोष्ट आहे. सुभाष चंद्र हे नाव आज आपण 'झी'शी जोडतो. पण झी टीव्ही आला १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये. त्याआधी हरयाणातल्या हिसारच्या धान्य व्यापाऱ्याच्या घरातल्या या माणसाने टूथपेस्टच्या प्लास्टिक ट्यूब बनवण्याचा कारखाना काढला होता आणि मग गोराईला हा पार्क! म्हणजे आपल्या घराघरात सासू-सुना पोचायच्या आधी पाळणे पोचले होते. दिल्लीत अप्पूघर १९८४ पासून होतं. १९८२ च्या एशियाडच्या शुभंकर हत्तीवरून त्याचं नाव ठेवलेलं. मुंबईकडे मात्र तोवर जत्रेतले पाळणे, चौपाटीवरचे घोडे आणि राणीची बाग. अशा शहराच्या टोकाला, खाडीपलीकडे साठेक एकरांत कुणी रोलर कोस्टर आणून उभा करतो म्हणजे काय? विचार करा.

चलो मार्वे!

मला विचाराल तर एस्सेलवर्ल्डची सगळ्यात भारी राइड तिकिटात लिहिलेलीच नव्हती. ती म्हणजे बोट!

बोरिवलीहून जाणारे २९४ नंबरची बस पकडून गोराई खाडीला यायचे. मालाडवाले २७२ ने मार्वेला. (यावरूनही भांडणं व्हायची. बोरिवलीकरांना आपलाच रस्ता 'ओरिजिनल' वाटायचा, मालाडकरांना आपला.) बस सुटली की मागच्या सीटवर अंताक्षरी, पुढच्या सीटवर ओकारीची भीती असलेली मंडळी. धक्क्यावर उतरलं की नाकात पहिल्यांदा सुक्या बोंबलांचा वास. शाकाहारी मैत्रिणी ओढणी नाकाला लावायच्या, आम्ही मात्र घरी आल्यासारखं दीर्घ श्वास घ्यायचो. मग बोट. दोन्हीकडे तिवरं, चिखलात बगळे, मधूनच एखादी कोळ्याची होडी. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास तो काय! पण समुद्रापलीकडे चाललोय, सातासमुद्रापलीकडे, असाच फील.

त्या वेळी कळायचं नाही, आज ऑफिसच्या एसीत बसून कळतं. शहरातून बाहेर पडायला पाणी ओलांडावं लागत होतं. रिक्षा करून 'जरा तासभर जाऊन येऊ' असं तिथे चालायचंच नाही. एकदा पलीकडे गेलात की दिवस गेला. आईबाबांना फोन करायचा तर एसटीडी-पीसीओ शोधा. म्हणजे आईबाबांनी तुम्हाला सकाळी सोडलं आणि रात्री घेतलं. मधले दहा तास तुम्ही कुठे आहात हे फक्त देवाला आणि पिकनिकच्या बाईंना ठाऊक. आज टॉयलेटला गेलं तरी 'लास्ट सीन' दिसतो हो!

बोटीतून सोनेरी कळस दिसतो तो पॅगोडा मात्र आमच्या वाट्याला उशिरा आला. ग्लोबल विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन फेब्रुवारी २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. मधे एकही खांब नसलेला एवढा प्रचंड घुमट, आणि खाली हजारो माणसं डोळे मिटून बसू शकतात. त्याला लागूनच आम्ही डोळे मिटून किंचाळत होतो. सुभाष चंद्र यांनीच या पॅगोडासाठी जमीन दिलेली. एकाच कुंपणाशेजारी मनःशांती आणि टॉप स्पिन... मुंबईतच शक्य आहे हे!

उलटं लटकून

राइड्सची नावं काढली की प्रत्येकाचा आवाज एक पट्टी वर जातो. झिपर डिपर, टॉप स्पिन, अॅक्वा डाइव्ह, शॉट-एन-ड्रॉप, थंडर, मॉन्स्टर्स इन द मिस्ट... आणि एन्टरप्राइज. आमच्या वर्गात एन्टरप्राइज म्हणजे बारावीची परीक्षा होती. पास झालात तर तुम्ही 'सॉल्लिड', नाही तर वर्षभर चिडवाचिडवी.

ही राइड सुरू होते तेव्हा साधा मेरी-गो-राउंड वाटते. आडवं चाक, त्याला लटकलेले पाळणे. मग वेग वाढतो, पाळणे बाहेरच्या बाजूला तिरके होतात, आणि मग अख्खं चाकच उभं राहतं! तुम्ही वरच्या टोकाला आलात की डोकं खाली, पाय वर. तरी पडत नाही. का? नववीच्या फिजिक्सच्या पुस्तकात याचं उत्तर होतं, पण आमच्यापैकी कुणालाही ते पुस्तकातून कळलं नाही. चाक इतक्या जोरात फिरतं की शरीर सरळ रेषेत बाहेर जायला बघतं आणि सीट त्याला आत वळवत राहते. म्हणून तुम्ही सीटला चिकटता, उलटे असलात तरी. बादलीत पाणी घेऊन गरागरा फिरवण्याचाच हा प्रकार. बादली म्हणजे पाळणा आणि पाणी म्हणजे आपण, पोटातल्या इडल्यांसकट!

आणि रोलर कोस्टर चढताना येणारा तो टक-टक-टक आवाज आठवतो? पोटात गोळा आणणारा? बहुतेकांना वाटतं तो साखळीचा आहे. तो असतो सुरक्षेसाठी लावलेल्या खिटीचा. गाडी चढत असताना साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून रुळाच्या मधोमध दाते असतात, त्या दात्यांवरून खिटी एकेक पाऊल पुढे पडत जाते. म्हणजे ज्या आवाजाने आपण सगळ्यात जास्त घाबरायचो तो आवाज मुळात 'घाबरू नका' असं सांगत होता. शिखरावर पोचल्यावर आवाज बंद होतो आणि पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण बघून घेतं. मोटर नाही, इंजिन नाही. म्हणूनच ती अर्ध्या सेकंदाची शांतता इतकी भयंकर असते.

बरं, पार्क म्हणजे फक्त राइड्स नव्हेत. रांगेत उभं राहण्यात किती गोष्टी घडल्या याचा हिशोब कुणी ठेवलाय? आमच्या ग्रुपमधली दोन लग्नं रांगेत जमलीत म्हणतात. एका जोडप्याचं म्हणणं, हॉरर हाउसच्या अंधारात हात धरला तो आजतागायत सुटला नाही. नवऱ्याचं व्हर्जन असं की तिने भीतीने धरला. बायकोचं व्हर्जन याच्या नेमकं उलटं. कॉलेज बंक करून जाणाऱ्यांची तर वेगळीच जमात. त्यांना राइड्सशी फारसं देणंघेणं नव्हतं. शहराच्या गर्दीपासून पाण्याने तोडलेली जागा एवढीच त्यांची गरज.

पूर्वीचं, म्हणजे नेमकं कधीचं?

'पूर्वीचं एस्सेलवर्ल्ड राहिलं नव्हतं रे!' हे वाक्य ऐकलंय ना? मी ते इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी प्रत्येकाला विचारायला लागले, पूर्वीचं म्हणजे नेमकं कधीचं?

माझा मावसभाऊ सांगतो, ९८ च्या आधीचं. तेव्हा वॉटर किंगडम नव्हतं, सगळी गर्दी एकीकडे, सगळा दिवस एकाच पार्कात. १९९८ ला वॉटर किंगडम आलं आणि त्याच्या मते मजा 'फुटली'. त्याच्याहून पाचेक वर्षांनी लहान ताईला विचारा. तिच्या लेखी वॉटर किंगडम आल्यावरच खरी धमाल सुरू झाली. ड्राय की वेट, यावर घरात आठवडाभर मतदान चालायचं, आणि कृत्रिम लाटांच्या त्या तळ्यात आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत पोहायला मिळालं. माझ्या बॅचला दोन्ही मिळालं, त्यामुळे आम्हाला वाटतं आमचाच काळ बेस्ट. शेवटच्या वर्षांत तिथे बर्ड पार्कही आलं होतं. ज्यांनी फक्त तेच बघितलं ती आता दहा-बारा वर्षांची पोरं आणखी दहा वर्षांनी म्हणतील, 'पूर्वी काय मकाव होते तिथे!'

हिशोब केला तर एक गंमत दिसते. प्रत्येकाचं 'पूर्वीचं' हे त्याच्या साधारण पाचवी ते दहावीच्या मधलं निघतं. उंचीच्या पट्टीखाली उभं राहून टाचा उंचावण्याचं वय. त्या पट्टीला डोकं लागलं की मोठ्यांच्या राइडला एन्ट्री. पार्क बदलला नव्हता असं नाही, पण आपण त्या पट्टीच्या वर निघून गेलो होतो हेही खरं.

पार्क थकत मात्र होता, आणि त्याचं कारण धंद्यात आहे. थीम पार्क चालतो तो परत येणाऱ्या माणसांवर. तुम्ही एकदा आलात, पुन्हा का याल? तर नवं काहीतरी बघायला. म्हणून दर काही वर्षांनी नवी राइड हवी. मोठी राइड म्हणजे कोट्यवधींचा मामला, बहुतेक परदेशातून आणायची, वर समुद्राची खारी हवा लोखंडाला रोज खाणार, आणि पावसाळ्यात गर्दी पांगणार. हे गणित जगभर अवघड आहे.

त्यात इकडे खाडीच्या अलीकडे मुंबई पालटली. १९९९ ला हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं आणि लोक सरकता जिना बघायला गेले. २००४ ला मालाडला इनऑर्बिट आलं. आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मालाडला उतरून २७२ ची वाट बघणाऱ्या माणसाला मध्येच गारेगार मॉल मिळाला. तिथे गेम झोन, पिक्चर, बर्गर, सगळं एका छपराखाली, आणि मुख्य म्हणजे आत जायला तिकीट नाही! गंमत बघा, फन रिपब्लिकसारखी मल्टिप्लेक्सेस चालवणारी कंपनीही तेव्हा एस्सेलचीच होती. खाडीच्या दोन्ही काठांवर दुकान एकाच मालकाचं म्हणायचं.

२०१३ ला तर खोपोलीला इमॅजिका उभं राहिलं, मनमोहन शेट्टींचं. एक्स्प्रेसवेवरून गाडी काढली की थेट पार्किंगमध्ये. तिथला नायट्रो नावाचा कोस्टर पाय अधांतरी ठेवून तुम्हाला फिरवतो, आणि खरं सांगायचं तर राइड म्हणून झिपर डिपर त्याच्यापुढे तीनचाकी सायकल आहे. त्याच वर्षी घाटकोपरच्या आर सिटीत किडझानिया आलं, जिथे मुलं पायलट आणि डॉक्टर होऊन खोटा पगार कमावतात. (आपण खरा कमावतो आणि तोही महिनाअखेर दिसत नाही, ते सोडा.)

आणखी एक बाजू आहे, जी आपल्या हळव्या गप्पांत कधी येत नाही. गोराई, मनोरी, उत्तन हा सगळा पट्टा धारावी बेट म्हणून ओळखला जातो. माहीमजवळची धारावी नव्हे, ही वेगळी. कोळी, ईस्ट इंडियन, शेतकरी अशी जुनी वस्ती. आपल्यासाठी ती 'बोटीपलीकडची मजा' होती, त्यांच्यासाठी ते अंगण. पुढे या भागात पर्यटन सेझ आणण्याचा एस्सेल समूहाचा प्रस्ताव आला, तेव्हा या गावांनी त्याला कडाडून विरोध केला. पार्कच्या आठवणी काढताना त्या बोंबलांच्या वासामागे माणसं राहतात हे विसरून चालणार नाही.

बाय न म्हणताच

अप्पूघर १७ फेब्रुवारी २००८ ला बंद झालं. दिल्लीकरांना तारीख ठाऊक होती. निरोप घ्यायची, शेवटची चक्कर मारायची सोय होती. एस्सेलवर्ल्डच्या नशिबी तेही नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, सगळ्या देशाचे पाळणे एकदम थांबले. मग निर्बंध उठत गेले, आणि २०२२ च्या अखेरीस पार्क गपचूप बंद झाला. बहुतेकांना कळलं ते २०२३ च्या सुरुवातीला, बातम्या फिरायला लागल्यावर. वॉटर किंगडम चालू राहिलं. ड्राय की वेट या जुन्या भांडणाचा निकाल असा लागला!

बातमी आली त्या दिवशी प्रत्येक ग्रुपवर नुसता पूर आला होता. पिवळे पडलेले फोटो, कॅप घातलेले, एकमेकांच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं करणारे. 'चाइल्डहूड गॉन' वगैरे. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, 'शेवटचं कोण कधी गेलं होतं?' एकाने लिहिलं २००९. दुसरीने २०११. एकाने बराच विचार करून, दहावीची पिकनिक. त्यानंतर ग्रुप एकदम शांत. ज्या शहराला एस्सेलवर्ल्ड इतकं हवं होतं, ते शहर शनिवारी भलतीकडेच जात होतं.

त्या शांततेत एका मैत्रिणीने मात्र लिहिलं, 'मी २०१८ ला गेले होते.'

पिकनिकची चिठ्ठी

ही मैत्रीण शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर होती. कांदिवलीच्या चाळीत घर, वडील लवकर गेलेले, आई चार घरची पोळ्यांची कामं करायची. सहावीत एस्सेलवर्ल्डच्या पिकनिकची चिठ्ठी वाटली गेली, खाली पालकांची सही आणि फीचा आकडा. तिने ती चिठ्ठी घरी दाखवलीच नाही. पिकनिकच्या दिवशी तिला ताप होता. आठवीतही नेमका त्याच दिवशी ताप. आम्ही परत आल्यावर दोन दिवस वर्गात दुसरा विषय नसायचा, आणि ती सगळं मन लावून ऐकायची. इतकं, की न जाताही तिला कुठली राइड कुठल्या राइडच्या शेजारी आहे ते पाठ होतं. आमच्यातल्या प्रत्येक वर्गात असं कुणी ना कुणी होतं. 'आपल्या पिढीचं एस्सेलवर्ल्ड' म्हणताना आपली पिढी म्हणजे कोण, हे जरा मोजून बघा.

मालाडच्या माइंडस्पेसमध्ये तिला पहिली नोकरी लागली. नाइट शिफ्ट, कॉल सेंटर. पहिल्या पगारात लोक फोन घेतात, आईला साडी घेतात. हिने तीन तिकिटं काढली, स्वतःचं, धाकट्या भावाचं आणि आईचं. आईचा नन्नाचा पाढा. एवढ्या पैशात महिन्याचा किराणा येतो, मला चक्कर येते, मी खाली बॅगा सांभाळते, तुम्ही बसा. तिने ऐकलं नाही.

पण आईनेही ऐकलं नाही. दुपारपर्यंत ती खरंच बॅगा सांभाळत एका बाकावर बसून होती. भाऊ एकेक राइड करून यायचा आणि आईला वर्णन सांगायचा. मैत्रीण म्हणते, 'मला एकदम शाळेतला तो दिवस आठवला. आता ऐकणारी आई होती, एवढाच फरक.' मग मात्र ती हट्टाला पेटली. बॅगा लॉकरमध्ये टाकल्या आणि आईचा हात धरून तिला अॅक्वा डाइव्हच्या रांगेत उभं केलं. ही त्यातल्या त्यात सोपी, असं सांगून.

सोपी कसली! बोट उंचावरून सरळ पाण्यात येते. आईने पदर खोचला, पुढचा दांडा पकडला आणि डोळे मिटले. खाली आल्यावर तिघंही नखशिखान्त भिजलेली. भाऊ हसतोय, मैत्रीण घाबरलेली, आता आई रागावणार. आई केसांतलं पाणी निथळत दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'परत बसता येतं का गं?'

चार वेळा बसली.

संध्याकाळच्या बोटीने अलीकडे आले तरी साडी पुरती सुकली नव्हती. मार्वेला २७२ मध्ये चढताना कंडक्टरने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, 'पाऊस लागला काय मावशी?'

एप्रिल महिना होता. आई म्हणाली, 'हो ना. पलीकडे जोरात आहे.'

आणि तिकीट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.